पालखीपुढचा पोलीस

दसरा उलटला की दुसऱ्या दिवशी रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पालखी देवळाबाहेर पडण्याच्या वेळी पोलिसांची सशस्त्र तुकडी देवाला मानवंदना देते. हुकूम सुटतो, बंदुका सलामीसाठी उचलल्या जातात आणि एरवी दफ्तरात व ठाण्यात वावरणारे सरकार क्षणभर ग्रामदैवतापुढे सावधान उभे राहते. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली ही प्रथा स्वातंत्र्यानंतरही कोणाला मोडावीशी वाटली नाही. गावातील आबालवृद्धांना त्या सलामीचा अभिमान वाटतो. आईच्या कडेवरचे मूल त्या दिवशी पोलिसाकडे कौतुकाने पाहते, आणि गर्दीतल्या कोणालाही आपल्या खिशात कोणता कागद आहे याची आठवण होत नाही.

ही आठवण न होणे हीच उत्सवाची पहिली अट आहे. आपण तिचा कधी विचार करीत नाही, कारण ती आपल्याला न मागता मिळाली आहे. उत्सवात शिपाई पाहुणा म्हणून येतो की शिकारी म्हणून, या एका प्रश्नावरून कोणत्याही समाजाच्या स्वास्थ्याची परीक्षा करता येईल. गेल्या काही महिन्यांत जगात आणि आपल्या देशातही जे घडले, ते पाहता हा प्रश्न रोह्या-पेणच्या माणसानेही स्वतःला विचारावा, अशी वेळ आली आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात मेक्सिकोच्या प्वेब्ला प्रांतातून आलेली मंडळी दरवर्षी एप्रिलमध्ये आपला कार्निव्हल साजरा करीत. रंगीबेरंगी पोशाख, मुखवटे, वाद्ये आणि हजारो माणसे असा त्याचा थाट असे. २०२५ साली संयोजकांनी तो रद्द केला. मनाई हुकूम कोणी काढला नव्हता. जमलेल्या माणसांवर स्थलांतर खात्याची धाड पडेल, ही धास्ती पुरेशी ठरली. जूनमध्ये लॉस एंजेलिस परिसरात धरपकड सुरू झाली तेव्हा तेथील काही उपनगरांनी ४ जुलैचे समारंभ रद्द केले वा पुढे ढकलले. म्हणजे ज्या देशात येऊन राहिलो त्याच देशाचा स्वातंत्र्यदिन साजरा करण्याची भीती वाटू लागली! सप्टेंबरमध्ये शिकागो येथे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भरणारा मोठा महोत्सव संयोजकांनी लांबणीवर टाकला. त्याच शहराच्या पिल्सेन वस्तीतील मिरवणूक निघाली खरी, पण गर्दी रोडावलेली होती, आणि कोणी अधिकारी दिसल्यास इशारा देता यावा म्हणून लोकांनी गळ्यात शिट्ट्या अडकविल्या होत्या. कॅलिफोर्नियातील सान बर्नार्डिनोच्या बिशपांनी तर जुलै २०२५ मध्ये, धरपकडीच्या भीतीने ज्यांना चर्चमध्ये येणे अशक्य आहे त्यांना रविवारच्या प्रार्थनेच्या बंधनातून मोकळीक दिली. रोगराईच्या काळात दिली जाणारी सवलत सरकारच्या भीतीपोटी द्यावी लागली.

हे एकाएकी घडलेले नाही. शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, लग्न, अंत्यविधी व मिरवणुका अशा जागी आणि प्रसंगी शक्यतो अटक करू नये, असे धोरण अमेरिकी सरकारने यापूर्वी लेखी स्वीकारले होते. २०२१ च्या आदेशात या संरक्षित स्थळांची यादी अधिक विस्तृत करण्यात आली होती. जानेवारी २०२५ मध्ये सत्तांतर होताच हे संरक्षण काढून घेण्यात आले. पुढे ८ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिस परिसरापुरता खालच्या न्यायालयाचा एक मनाई आदेश स्थगित केला. माणसाचा वर्ण वा वंश, तो बोलत असलेली स्पॅनिश भाषा किंवा त्याच्या इंग्रजीची ढब, तो उभा असलेली जागा आणि तो करीत असलेले काम एवढ्याच गोष्टींवरून कोणाला हटकू नये, असा तो आदेश होता.

या चार खुणा वाचकांनी क्षणभर मनात घोळवाव्यात. चेहरा, भाषा, जागा आणि धंदा. उत्सव म्हणजे तरी दुसरे काय असते? आपल्यासारख्या चेहऱ्याची माणसे ठरलेल्या जागी जमतात, आपली भाषा मोठ्याने बोलतात, आपली गाणी गातात. पंचाहत्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांचा नातू सारखेच कपडे घालून मिरवतात. एरवी परमुलखात दबून वावरणारा माणूस त्या एका दिवशी आपण कोण आहोत हे रस्त्यावर उभा राहून सांगतो. ज्या खुणांनी उत्सव हा उत्सव होतो, नेमक्या त्याच खुणांनी माणूस संशयित ठरू लागला, की उत्सवाचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. देव्हाऱ्यातली पूजा चालू राहते, पण मिरवणूक थांबते. वर्गणीदारांच्या यादीतून नावे गळतात, आमंत्रणाचे फलक लागेनासे होतात, मुलांना घरात बसविले जाते. उत्सव रस्त्यावरून अंगणात, अंगणातून माजघरात आणि माजघरातून मनात सरकत जातो. मनात तो काही वर्षे टिकतो. पण पुढच्या पिढीला तो दिसलेलाच नसतो.

आपल्या शेजारच्या गोव्याला याचा अनुभव आहे. पोर्तुगीज राजवटीत १५६० पासून तेथे इन्क्विझिशनचा अंमल होता. त्या काळी जुन्या काबिजादीतील कित्येक देव नदीपलीकडे हलवावे लागले. काही गोमंतकीय घरांत आजही चतुर्थीला मातीच्या मूर्तीऐवजी पत्रीची किंवा कागदावरील चित्राची पूजा होते. मूर्ती लपविणे कठीण, पाने आणि कागद लपविणे सोपे, म्हणून ही रीत पडली असे परंपरेने सांगितले जाते. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपले. पत्रीची पूजा अद्याप चालू आहे. भीतीचे कारण गेले तरी भीतीने लावलेले वळण शतकानुशतके राहते, ते असे.

आता पेणकडे वळू. पेण आणि शेजारची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींची आहेत. शंभराहून अधिक वर्षे ही कला येथे नांदत आहे, आणि चतुर्थीच्या कित्येक महिने आधीच परदेशी जाणाऱ्या मूर्ती पेट्यांत भरून समुद्रमार्गे रवाना होतात. अमेरिकेतील मराठी घराला पेणचा गणपती म्हणजे माहेरचा पाहुणा वाटतो. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून काम करीत आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. या मंडळांतील बहुसंख्य सभासद सुशिक्षित, कायदेशीर मार्गाने गेलेले आणि कर भरणारे आहेत. स्थलांतर खात्याच्या धाडींशी आपला काय संबंध, असे त्यांना व त्यांच्या इकडच्या आईवडिलांना वाटणे स्वाभाविक होते.

तो समज २०२५ ने बराचसा दूर केला. ५ फेब्रुवारी रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांना प्रवासात हातापायांत बेड्या घालून आणले होते, आणि त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. हे बेकायदा गेलेले लोक, असे म्हणून कायदेशीर गेलेल्यांनी नजर वळविली. ११ एप्रिलपासून तेथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ परकीयाने नोंदणीचा पुरावा सदैव जवळ बाळगावा, या जुन्या तरतुदीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. म्हणजे गणपतीच्या आरतीला जाणाऱ्या अभियंत्यानेही खिशात कागद ठेवायचा. मग १९ सप्टेंबरला, घटस्थापना तीन दिवसांवर आली असता, एच-१ बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क बसविणारी घोषणा झाली. या व्हिसाचे सुमारे ७० टक्के लाभार्थी भारतीय आहेत. घोषणेचा नेमका अर्थ कळेना. देशाबाहेर असाल तर एका दिवसात परत या, आत असाल तर बाहेर पडू नका, असे निरोप कंपन्यांनी धाडले. सान फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर भारताकडे निघालेले प्रवासी सुटण्याच्या बेतात असलेल्या विमानातून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की जुन्या व्हिसाधारकांना हा नियम लागू नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. व्हिसाच्या मुलाखतींसाठी इकडे आलेल्या अनेकांच्या तारखा, समाजमाध्यमांवरील त्यांच्या मजकुराची तपासणी करावयाची म्हणून, एकाएकी मार्चपर्यंत वा त्याहीपुढे ढकलण्यात आल्या, आणि सुटी काढून घरी आलेली माणसे नोकरीपासून व संसारापासून तुटून येथेच अडकली.

यात कोणाला अटक झाली नाही, कोणाचा उत्सव कोणी बंद पाडला नाही, हे खरे. परंतु घरी जाण्याची मोकळीक हाही सणाचा एक भाग असतो. कोकणातल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते, आणि चतुर्थीच्या आधी तुडुंब भरलेल्या गाड्यांतून चाकरमानी येथूनच खाली उतरत जातात. गणपतीला घरी येणे जमले नाही तर चाकरमान्याच्या मनाची काय अवस्था होते, हे त्याच्या बायकोला विचारावे. सातासमुद्रापलीकडचा मुलगा दिवाळीला येत नाही, कारण आला तर परत जाता येईल की नाही याची त्याला शाश्वती नाही, अशी घरे आज आपल्या तालुक्याच्या गावांतही आहेत. पेणची मूर्ती सुखरूप अमेरिकेस पोहोचते. तिची पूजा करणारा मात्र इकडे येण्यास धजत नाही. बाप्पांच्या मुक्कामाची मुदत पंचांग ठरविते. भक्ताच्या मुक्कामाची मुदत कोणता कारकून, केव्हा आणि कशी बदलील याचा नेम राहिलेला नाही.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. आपल्या हद्दीत कोणी यावे आणि कोणी राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. घुसखोरी ही कल्पित गोष्ट नव्हे. खोटे दाखले काढून देणारे दलालही कल्पित नव्हेत. कायदा मोडणाऱ्याला उत्सवाच्या आडोशाने अभय द्यावे, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. मात्र हेतू योग्य असला म्हणजे रीत आपोआप योग्य ठरत नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवले आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड यांच्या नेतृत्वाखाली गोरे सोजीर घरोघर फिरले. साथीला आळा घालणे हा हेतू निंद्य नव्हता. परंतु स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिरणाऱ्या त्या तपासणीने रोगापेक्षा सरकारची दहशत अधिक पसरविली. आणि दहशत पसरली की लोक रोगीसुद्धा लपवू लागतात. कायद्याची अंमलबजावणी आणि कायद्याची दहशत यांतला हा भेद आहे. अंमलबजावणी दोषी माणसाला गाठते. दहशत त्याच्या शेजाऱ्याला, त्याच्या मुलाला आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाला गाठते.

परदेशातील आपल्या माणसांसाठी हा भेद आपल्याला चटकन पटतो. खरी परीक्षा पुढेच आहे. तोच भेद आपण आपल्या दारात आलेल्या परक्यासाठी मान्य करतो काय?

जुलै १९९८ मध्ये महाराष्ट्र पोलीस मुंबईतील काही बंगाली भाषकांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडविली आणि त्यांना सोडविले; हे लोक भारतीयच आहेत, असे तेथे सांगण्यात येत होते. त्यानंतर २७ वर्षांनी, जून २०२५ मध्ये, मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते भारतीय नागरिक असल्याची खात्री पटल्यावर त्यांना परत आणावे लागले. दिल्लीतून अशाच रीतीने पलीकडे पाठविलेली एक गर्भवती स्त्री सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या लहान मुलासह परतली. जुलैमध्ये दिल्लीजवळच्या गुडगावातून बंगाली बोलणाऱ्या कामगारांनी धरपकडीच्या धास्तीने बिऱ्हाडे गुंडाळली. दिल्ली पोलिसांच्या एका पत्रात तर ‘बांगलादेशी भाषा’ असा शब्दप्रयोग आढळला. रवींद्रनाथांची भाषा ही परदेशी भाषा ठरण्याची पाळी आली! केवळ भाषेवरून एखाद्याला परदेशी मानले जाते काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारला विचारावा लागला. चेहरा, भाषा, जागा, धंदा या लॉस एंजेलिसच्या चार खुणा येथेही ओळखू येतात.

आपल्या जिल्ह्यात हे दूरचे राहिलेले नाही. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत, डोलवीच्या पोलाद प्रकल्पाच्या परिसरात आणि जिल्हाभरच्या बांधकामांवर परप्रांतीय मजूर काम करीत आहेत. त्यांचेही सण आहेत. छटपूजेला नदीकाठी उभी राहणारी बाई, ईदेला नवा सदरा घालणारा गवंडी, विश्वकर्म्याची पूजा मांडणारा कारागीर यांना त्या दिवशी खिशातल्या कागदाची आठवण व्हावी काय? भाषा ऐकून कागद मागण्याचा अधिकार ज्याने त्याने स्वतःकडे घेतला, तर तपासणी पोलीस करीत नाहीत, जमाव करतो; आणि जमावाच्या न्यायाला अपील नसते.

कागदाचा प्रश्न परप्रांतीयांपुरता आहे, असेही समजू नये. पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी हे या मातीचे सर्वांत जुने रहिवासी. पावसाळा सरला की त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात. मूल भट्टीवर जन्मते, त्याची नोंद होतेच असे नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेचा नाही, शाळेचा नाही म्हणून जातीचा नाही, अशी ही साखळी आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आला त्याच्यावरच टाकावयाचा, हे १९४६ च्या कायद्याचे तत्त्व १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. ज्याच्या पूर्वजांनी हा डोंगर राखला त्याला उद्या हा भार उचलावयास सांगितले, तर तो काय दाखविणार? कागद नसणे आणि हक्क नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भीतीच्या वातावरणात त्या एक होऊन जातात.

म्हणून सरकारकडे मागणे अवघड नाही. देवळे, मशिदी, चर्चे, शाळा, जत्रा व मिरवणुका यांना तपासणीचे जाळे टाकण्याची जागा करू नये. संशय असल्यास जबाबदार अधिकाऱ्याने कारण नोंदवून, संबंधित राज्याकडून खातरजमा करून आणि माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी देऊन मगच पुढचे पाऊल टाकावे. सीमेपलीकडे ढकलून नंतर चूक दुरुस्त करण्यापेक्षा आठ दिवस अधिक चौकशी करणे स्वस्त आणि सभ्य आहे. परंतु सगळे सरकारवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक असतील; मतदारयाद्यांसाठी घरोघर जाण्याचे काम त्यांनाच करावे लागते. कचेरीत दाखले तयार करणारे कारकून असतील. कातकरी वाडीवरचे किंवा परप्रांतीय मजुराचे मूल शाळेत आले तर त्याचे नाव कसे लिहावयाचे, अर्धवट कागद घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला दटावून परतवायचे की उरलेला कागद कसा मिळेल हे समजावून सांगायचे, हे त्यांच्या हाती आहे. अशा माणसाला सरकार प्रथम भेटते ते खिडकीच्या पलीकडे बसलेल्या इसमाच्या रूपाने. उत्सव मंडळातील तरुणांनीही एवढे करावे की वर्गणी मागताना माणसाची बोली तपासू नये आणि प्रसाद देताना त्याचे गाव विचारू नये.

पेणमध्ये दरवर्षी लाखो मूर्ती घडतात. कारागीर शेवटी डोळे रेखतो आणि मूर्ती समोरच्या प्रत्येकाकडे पाहू लागते. ती शिकागोच्या भिंतीआड पूजली जाते की धाटावच्या चाळीत, याने तिच्या नजरेत फरक पडत नाही. पुढच्या दसऱ्यानंतर धावीर महाराजांपुढे पोलिसांची तुकडी पुन्हा सलामीला उभी राहील. त्या गर्दीच्या कडेला कोठूनतरी पोट भरण्यासाठी आलेला एखादा मजूर आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन उभा असेल. बंदुका उचलल्या जातील तेव्हा ते मूल टाळ्या वाजवील की बापाच्या मानेत तोंड लपवील, हे ठरविणे बरेचसे आपल्याच हाती आहे.